तळमजल्यावरच्या गिरणीचा ठराव

शुक्रवार पेठेतल्या आमच्या सोसायटीत एक काका पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर राहतात. सभेत ते कुणाशी थेट बोलत नाहीत. जे काही असेल ते अध्यक्षांमार्फत. एकदा चहा आला तेव्हाही उठून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, साखर कमी हाय, नोंद व्हावी." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

यंदा गिरणीवालीला जागा खाली करायला सांगण्याचा ठराव त्यांनीच मांडला. बाई एकटी, तिचं घर त्या गिरणीवरच चालतं. पण तक्रारही खोटी नव्हती. गिरणी सुरू झाली की काकांच्या फडताळातली भांडी नाचतात.

अध्यक्ष ठरावाच्या बाजूचे. त्यांनी हात वर करायला सांगितलं आणि त्यांची नजर फिरेल तसे एकेक करून सगळे हात वर गेले. माझाही गेला. काकांनी मागं वळून पाहिलं आणि स्वतःचा हात खाली घेतला.

"अध्यक्षमहाराज, ही मतं न्हाईत, तुमची भीड हाय. चिठ्ठ्या घ्या."

"अहो, गिरणी तुमच्याच पायाखाली हाय की!"

"असू द्या. चिठ्ठ्या घ्या."

चिठ्ठ्या मोजल्या आणि ठराव पडला. मी चिठ्ठीवर 'नाही' लिहिलं होतं. जिन्यात त्यांना गाठून म्हणालो, "काका, मी हात वर केला खरा, पण चिठ्ठीवर..."

"सांगू नका," ते म्हणाले. "मतदान गुप्त हाय."

मला बोलून मोकळं व्हायचं होतं. ते मला तिथंच सोडून वर गेले.