दोघांनीच पाहिलेली विहीर

विभागात तिला सगळे ससाबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही हसून घेई. दार धाडकन लागलं की तिच्या हातातली परीक्षानळी थरथरे. फोन वाजला की आधी छातीत धस्स होई, मग ती नंबर बघे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम, नोकरी तात्पुरती. दर वर्षी विभागप्रमुख सरांची सही झाली की तिचा जीव भांड्यात पडे. यंदा पहिल्यांदाच कायम होण्याची संधी आली होती, आणि शिफारस करणार होते सरच.

नेमका तेव्हाच एका नियतकालिकाकडून तिच्याकडे परीक्षणासाठी शोधनिबंध आला. या कामाची रीत अशी, की लिहिणाऱ्याचं नाव परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षकाचं लिहिणाऱ्याला. मध्ये पडदा, त्याची दोरी संपादकाच्या हातात.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती वाचायला बसली. कारखान्यामागच्या वस्तीतल्या विहिरी; पाणी पिण्याजोगं आहे, असा निष्कर्ष. वाचता वाचता ती जुन्या लाँड्रीजवळच्या विहिरीपाशी आली. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्याचे आकडे, कसे छान नीटनेटके. तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

त्या उन्हाळ्यात ती विहीर होतीच कुठे? दगडमातीनं काठोकाठ बुजवलेली. तिथं सर आणि ती, दोघंच गेले होते. सर बुटानं माती उकरून म्हणाले होते, "गेली ही. चल, ऊन फार आहे."

त्या वस्तीतल्या विहिरींचं काम सरांशिवाय दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. म्हणजे निबंध सरांचा.

नियम तिला माहीत होता. ओळखीचा लेखक निघाला तर संपादकाला कळवायचं आणि निबंध परत करायचा. पण परत केला तर तो जाणार लांबच्या कुणाकडे तरी, ज्याच्या लेखी ती विहीर म्हणजे तक्त्यातली एक ओळ. तो 'उत्तम' म्हणून मोकळा होणार. आणि एक आकडा घरी बसून लिहिला असेल, तर बाकीच्या विहिरींचं काय? त्यांचं पाणी तर माणसं रोज पितात. तिनं निबंध ठेवून घेतला, संपादकाला काही कळवलं नाही. तिथंच ती चुकली.

शेरे लिहून तिनं सासूबाईंना वाचून दाखवले, निबंध कुणाचा तेही सांगितलं. सासूबाई जन्मभर इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज अजून ड्युटीवर होता.

"'जमल्यास कृपया थोडा खुलासा करावा.' अगं, ही तर तूच बोलतेयस! तुझे सर आंधळे आहेत का?"

"आई, हळू बोला ना."

"शेजारी काय विहिरी तपासतात? घे लिहून. नमुना कोणी घेतला? कधी घेतला? बाटलीवर चिठ्ठी कोणी लावली? दाखवा."

"एवढं दरडावून?"

"दरडावतेय कुठं? विचारतेय."

तिनं तसंच लिहिलं. संशय येऊ नये म्हणून त्या एका विहिरीबरोबर आणखी दोन विहिरींची नावं घातली. पाठवलं, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. सर व्हरांड्यात खोकले तरी तिला वाटे, कळलं. सर हसले तर जास्तच वाटे.

एके दुपारी शिपाई आला. "ससाबाई, सरांनी बोलावलंय. लगेच."

हातातलं काम तसंच टाकून ती सरांच्या खोलीत गेली.

"ये, बस. उभी काय अशी, फाशीची शिक्षा ऐकायला आल्यासारखी?" सरांनी कागद पुढे सरकवले. "वाच. परीक्षक म्हणे! हा नक्की आधी पोलिसात असणार."

स्वतःचेच शेरे ती पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचू लागली.

"यातल्या दोन विहिरींचं मी बघतो," सर म्हणाले. "लाँड्रीवाल्या विहिरीचं उत्तर तू लिही. नमुना तू घेतलास, बाटली तू भरलीस, खाली तुझी सही."

"मी... सर, पण ती विहीर..."

"काय ती विहीर?" सरांनी चष्मा काढला. आवाज मात्र लोण्यासारखा. "तिथं तू होतीस, मी होतो. तिसरं कोण होतं? आणि तुझी शिफारस आज संध्याकाळी लिहायला घेतोय. एका बैठकीत दोन्ही कामं उरकू. काय?"

"हो सर," असं तिच्या तोंडून निघून गेलं.

प्रयोगशाळेत येऊन तिनं दार लोटून घेतलं. कागद घेतला, पेन उघडलं, 'नमुना मी' एवढं लिहिलं, आणि पुढचा शब्द काही केल्या उमटेना. तो लिहिला की ती सरांची एकट्याची थाप राहणार नव्हती. कायमची नोकरी, आणि तिच्याबरोबर कायमची ही सही.

तिनं संपादकांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं; लेखक ओळखल्याचं, गप्प राहिल्याचं, विहिरीचं, आताच्या सहीचं.

पलीकडे संपादक बाई होत्या. "हे पहिल्याच दिवशी का नाही कळवलंत? तुमचं परीक्षण आता आम्हाला बाद करावं लागेल."

"हो मॅडम."

"आणि विहिरीबद्दल आम्हाला लेखकाला विचारावं लागेल. तुमचं नाव आम्ही झाकून ठेवू. पण तिथं तुम्ही दोघंच होतात ना?"

"दोघंच."

"मग झाकून काय उपयोग? ते समजून जातील. तुम्हाला माहितीये ना?"

दाराच्या धुरकट काचेवर सावली पडली. सरांचा आवाज आला, "अगं, झालं का लिहून?"

आत्ता फोन ठेवला तर अजून वाचता येईल, हे तिला लख्ख दिसत होतं.

"बाई, आहात का?" पलीकडून विचारणा झाली. "तक्रार नोंदवू की नको?"

कडी हलली.

"नोंदवा," ती म्हणाली, आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. आवाज इतका कापत होता की पलीकडे नाव कळलंच नाही.

दार उघडलं. सर आत आले. फोन कानाला तसाच धरून, त्यांच्याकडे बघत, तिनं नाव पुन्हा एकदा सांगितलं.