तो दगड मी उचलून आणला

वाचनालयाच्या सभासदत्वावरून मला काढून टाकले, ही गोष्ट ठाण्यात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. का काढले, हे मात्र जो तो आपापल्या सोयीने सांगतो. म्हणून मीच लिहितो आहे. माफी मागण्यासाठी नाही. निदान कार्यकारी मंडळाची तर नाहीच.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. आपल्या गावाचा इतिहास आता आपणच सांगायचा, या उत्साहात मी वाचनालयातर्फे दर रविवारी सकाळी शहरदर्शनाची फेरी सुरू केली. मी मामलेदार कचेरीत कारकून. जुनी दप्तरे चाळायचा नाद होता आणि आवाज खणखणीत होता. कौपिनेश्वराच्या दारात वीस-पंचवीस माणसे जमत. कल्याण-डोंबिवलीहूनही कुणी कुणी येत. तिथून तळ्याची पाळ, जांभळी नाक्याचा बाजार, मग तुरुंग झालेला किल्ला, तोही बाहेरूनच, आणि शेवटी चेंदणीचा कोळीवाडा. तिथे एका म्हातारीच्या दाराशी, खाडीकडे तोंड करून, कमरेएवढा कोरीव दगड उभा होता. खाली होड्यांची रांग, त्यांत वल्ही मारणारी माणसे, वर हात जोडून बसलेला वीर. पाण्यावरच्या लढाईत मेलेल्या कुणा माणसाचा तो वीरगळ. आमच्या फेरीत त्याच्यासारखे दुसरे काही नव्हते.

पण तिथे पोचेपर्यंत वाळत घातलेल्या बोंबलांमधून जावे लागे. बायका नाकाला पदर लावत. एका रविवारी वाचनालयाच्या अध्यक्षांच्या पाहुण्यांना मळमळले, आणि पुढच्या सभेत ठरले की दगडच वाचनालयाच्या अंगणात आणावा. ते जमवून आणायचे काम माझ्यावर आले. मी नको म्हणालो नाही. उलट, आपल्यालाच सांगितले याचा मला आनंद झाला.

कोळीवाड्यात त्या दगडाला नुसते देव म्हणत. होडी पाण्यात लोटण्याआधी जिच्या घरची होडी ती बाई त्याच्यावर तांब्याभर पाणी ओती, कुंकू लावी. त्याशिवाय होडी निघत नसे. हे मला पक्के माहीत होते. फेरीत मी ते रंगवून सांगतही असे. तरी मी म्हातारीला म्हणालो की शेंदराच्या पुटांखाली कोरीव काम झाकले गेले आहे, साफ करून आठ दिवसांत आणून देतो. कागद मीच लिहिला. दगड स्वखुशीने वाचनालयास कायमचा देत आहे, असे त्यात होते. वाचून दाखवताना मी ‘कायमचा’च्या जागी ‘साफ करण्यापुरता’ असे वाचले. खाली, कचेरीतल्या प्रत्येक जबाबाखाली लिहितो तसे, ‘मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे’ असे लिहिले आणि तिच्या अंगठ्याला शाई लावली.

मग रविवारामागून रविवार मी अंगणातल्या त्या दगडापाशी उभा राहून ‘कोळी बांधवांनी प्रेमाने दिलेली भेट’ असे सांगू लागलो. लोक टाळ्या वाजवत, नंतर चहा होई. म्हातारी दोनदा वाचनालयात आली. दोन्ही वेळा मी आत होतो. मी नाही म्हणून सांग, असे मी शिपायाला सांगितले.

एका रविवारी कल्याणहून आलेल्या एका शिक्षिकेने विचारले, हा मूळचा कुठे होता? मी म्हटले, जवळच. ती म्हणाली, मग दाखवा की. बाकीचेही उठले. नाही म्हणायला काही कारण सापडेना.

दगडाच्या जागी खड्डा होता. खड्ड्याच्या काठावर पाणी ओतलेले होते आणि ओल्या मातीला कुंकू लावलेले होते. म्हणजे इतके दिवस बायका खड्ड्याचीच पूजा करून माणसे खाडीत पाठवत होत्या. म्हातारी दारात जाळे विणत बसली होती. तिने मान वर केली.

“आलास? झाले का रं तुजे आठ दीस?”

आमच्यातले कुणीतरी हसले. आणि मी, इतक्या लोकांदेखत, काय म्हणालो? आजी, कागदावर तुमचा अंगठा आहे.

“मना वाचता येत नाय,” ती म्हणाली. “तुला येतं ना? मंग हाय तसा वाच येकदा.”

कागद वाचनालयाच्या कपाटात होता. पुढच्या रविवारी या, वाचतो, असे मी तिला सांगितले. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असे.

अध्यक्षांना मी आधी कल्पना दिली. त्यांनी समजावले की दगड सुरक्षित आहे, चार शिकलेली माणसे तो पाहतात, यात कुणाचे काय बिघडले? मी सरकारी नोकर आहे, याचीही आठवण करून दिली. मी म्हटले, आठवण आहे, आणि वाचणारही आहे.

रविवारी ती आली. बरोबर दोन मुलगे आणि आळीतले सहा-सात जण, बांबू आणि दोर घेऊन. मी कागद आधी जसा लिहिला होता तसा वाचला, मग जसा तिला ऐकवला होता तसा. माझा आवाज त्या दिवशी कापला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. अध्यक्ष म्हणाले, “पुरे करा.” मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटी म्हटले, ही फसवणूक आहे आणि ती मी केली. ज्याला तक्रार करायची त्याने माझ्यावर करावी, दगड मात्र आज जाईल.

मंडळातले कुणी हलले नाही. त्या दिवशीही आलेल्या शिक्षिकेने जाऊन फाटक उघडले. दोर बांधला गेला, माणसे वाकली, मीही खाली हात घालायला गेलो.

“तू हात नको लावू,” म्हातारी म्हणाली.

मी बाजूला झालो.

सभासदत्व गेले. कचेरीत चौकशी झाली, बढती हुकली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फेरी मात्र मी बंद केली नाही. ती वाचनालयाच्या मालकीची कधीच नव्हती. आता ती पुन्हा बोंबलांमधून जाते. दगडापासून चार पावलांवर उभा राहून मी आधी होड्यांचे सांगतो, मग माझे. रविवारची सकाळ उगीच कडू करता, असे लोक म्हणतात. मी तेवढेच पुन्हा सांगतो. म्हातारी माझ्याशी बोलत नाही. एकदा मी म्हणालो की दगड वर्षभर इथे नव्हता, तेव्हा तिने जाळ्यातून मान न उचलता फेरीतल्या लोकांना सांगितले, “तेरा म्हयने.”

तेव्हापासून मी तेरा महिने म्हणतो.