अमेरिकेचं गाणं, चाल रोवण्याची

दुर्गच्या एका कॉलेजात मी एम.ए.च्या वर्गाला अमेरिकन साहित्य शिकवते. राहते तिथल्याच बोरसी भागात. आई मात्र अजून भिलाईत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्येच आहे. बाबा तिथल्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ते लीजवर घेतलं. बाबा गेल्यावर मी आईला माझ्याकडे ये म्हटलं, तर ती म्हणाली, "इथं मले सारे ओळखतात. तिथं कोन ओळखते?" म्हणून दर रविवारी मीच तिच्याकडे जाते.

फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी सोमवारच्या तासाची तयारी राहिली होती, म्हणून लॅपटॉप सोबत नेला. अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाने जुनी छापील गाणी वेबसाइटवर ठेवली आहेत. प्रत्येक गाणं एका सुट्या कागदावर, एकाच बाजूने छापलेलं. वर ठसठशीत अक्षरात नाव, भोवती वेलबुट्टीची चौकट, आत दोन रांगांत कडवी. शे-दीडशे वर्षांपूर्वी तिकडे असे कागद रस्त्यावर विकायचे. लढाई झाली, पूर आला, कोणी निवडून आलं, की त्यावरचं गाणं लगेच बाजारात यायचं.

आई चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून पाहू लागली.

"हे तं आपल्या गान्याचं पान होय."

"अमेरिकेचं आहे, आई."

"असंल. पन पान तेच होय."

तिचं खरं होतं. माझ्या लहानपणी दसऱ्याला आम्ही सगळे रेल्वेने नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. तिथे फुटपाथवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचे सुटे कागद मिळायचे. गुलाबी, पिवळे, हिरवे. आई दरवर्षी दोन-तीन नवे घ्यायची. भिलाईला आल्यावर विहारातल्या बायका जमायच्या आणि जयंतीसाठी त्या गाण्यांची तयारी चालायची. सूर कुठे छापलेले नसायचे. वर फक्त 'चाल' असं लिहून एखाद्या चालू सिनेमाच्या गाण्याचं नाव असायचं, तेवढं पुरायचं.

"याची चाल कोनती?" आईने विचारलं.

अमेरिकन कागदावरही नावाखाली बारीक अक्षरात तेच होतं: अमुक गाण्याच्या चालीवर. ते अमुक गाणं मी शोधून पाहिलं. कुठेच सापडलं नाही.

"हरवली वाटते," मी म्हटलं.

"अन् गानं काय म्हनते?"

मी तिला अर्थ सांगितला. गुलामी नुकतीच संपलेली आहे. नदीवर लोकांचे कपडे धुणारी एक काळी बाई धुणं तिथेच टाकून शाळेत जाते आणि आपल्या मुलीच्या शेजारी बसून अक्षरं शिकते. मास्तर हसतो, मुलं हसतात, ती उठत नाही. लिहिणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं, फक्त छापखान्याचा पत्ता होता.

आईने कप खाली ठेवला. मग ती म्हणाली, "हे आपन म्हनू शकतो का? विहारात?"

विहारातलं बायकांचं गाणं बंद पडून तेव्हा काही वर्षं झाली होती. जयंतीला ट्रकवर डीजे यायला लागल्यापासून त्यांना कोणी बोलवेना. चिडून नाही, आपोआप थांबलं ते. त्यामुळे आईने असं विचारलं, याचंच मला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने भाषांतर करून नेलं. पहिलीच ओळ होती, 'वस्त्रे त्यजुनी तीरावरी, ज्ञानार्थ निघे माता.'

खालच्या क्वार्टरमधली काकू तेव्हा तिथेच बसलेली. ती गोंदियाकडच्या शेतकरी घरातली, आईची जुनी मैत्रीण. दोघी एकाच सुमारास लग्न होऊन भिलाईत आल्या. काकूने ओळ ऐकली आणि पदर तोंडाला लावला.

"हसून कावून राहिली काकू?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"अवो, तुझी माता तं कपडे सोडून चालली."

मग आईही हसायला लागली, आणि मी ते भाषांतर परत पिशवीत ठेवलं. त्यानंतर मी फक्त अर्थ सांगायचा आणि आईने ओळ बांधायची, असं ठरलं. पण ओळ बसायला चाल हवी. आईने सिनेमाची दोन-तीन गाणी लावून पाहिली, शब्द अडखळत होते. तेव्हा काकू तांदूळ निवडता निवडता काहीतरी गुणगुणू लागली. धान रोवताना, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावताना, तिच्या गावच्या बाया म्हणायच्या ते. आईने मान वर केली. तिच्याही गावी, भंडाऱ्याकडे, तेच म्हणत.

"चिखलात वाकून म्हनत होतो आपन हे," आई म्हणाली. "सरळ बसून येईल का?"

"म्हनून पाय ना," काकू म्हणाली.

त्या दुपारी पहिलं कडवं झालं:

धुणं राहिलं दगडावर, पाटी घेतली एक,
बाकावर बसल्या दोघी जणी, एक माय एक लेक.

वाद झाला तो शेवटच्या कडव्यावर. मूळ गाण्यात ती बाई शेवटी जुन्या मालकाचे उपकार मानते. त्याने सोडलं म्हणून शिकता आलं, असं म्हणते. आईने ते ऐकलं आणि म्हणाली, "हे नाही घ्यायचं."

"आई, गाण्यात आहे ते. आपल्याला गाळता येत नाही."

"कोनाचे उपकार? तिचंच हिसकून घेतलं होतं ना?"

"हो, पण लिहिणाऱ्याने लिहिलंय तसं."

"त्यानं लिवलं, त्यानं म्हनावं. माह्या तोंडातून नाही निंघत."

मी वर्गात मुलांना सांगते की मजकुरात आपल्या सोयीने बदल करू नये. घरी परतताना गाडीत मी त्याच विचारात होते. आईचं पटत होतं, पण ते कडवं नव्हतंच असं दाखवणंही मला जमणार नव्हतं. शेवटी छापताना कागदाच्या तळाशी मी एक ओळ घातली: 'मूळ गाण्यात आणखी एक कडवं आहे, त्यात मालकाचे उपकार मानले आहेत. ते आम्ही म्हणत नाही.' आईने एकेक अक्षरावर बोट ठेवत ती वाचली आणि म्हणाली, "हे बराबर झालं."

छपाई दुर्गलाच केली, पिवळ्या कागदावर, भोवती वेलबुट्टी घालून. नावाखाली लिहिलं, 'चाल: रोवण्याची.' प्रेसवाल्याने विचारलं, "मॅडम, ये कौन सी पिक्चर है?"

एकेक करून बायका परत जमू लागल्या. त्यांतल्या दोघींना गुडघ्यांमुळे आईकडचा जिना चढवत नव्हता, म्हणून तालीम काकूच्या अंगणात होऊ लागली. काकू ढोलकी धरायची. ती बौद्ध नाही, मग जयंतीला विहारात येऊन तिने ती वाजवावी का, असं कमिटीतल्या एकाने विचारलं, तेव्हा आई इतकंच म्हणाली, "चाल तिची आहे." ढोलकी काकूकडेच राहिली. कमिटीतल्या मुलांनीच मिरवणूक निघायच्या आधी डीजे थोडा वेळ बंद ठेवायचं कबूल केलं.

त्या सकाळी बायका पांढऱ्या साड्या नेसून उभ्या राहिल्या. पहिल्या कडव्याला आवाज कापले. दुसऱ्याला लागले. मंडपात कागद वाटलेले होते आणि माझ्या पुढे बसलेली एक कॉलेजची मुलगी, जी घरीसुद्धा हिंदीत बोलते, ती अक्षरं जुळवत जुळवत मागून म्हणत होती. 'धुणं'पाशी ती अडली. तिने शेजारच्या आजीला विचारलं, "धुणं मतलब?" आजीने सांगितलं, आणि पुढच्या वेळी दोघी एकत्र म्हणाल्या.

नंतर दुर्गजवळच्या रसमड्याच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आईजवळ आली. तिला आपल्या वस्तीतल्या बायकांसाठी पानं हवी होती. उरलेला गठ्ठा आईने तिला देऊन टाकला.

मी घरी निघाले तेव्हा आई साडी न बदलता खुर्चीवर बसली होती. दमलेली, पण गाल लाल झालेले.

"तुझ्या त्या अमेरिकेत अजून पानं आहेत ना?"

"पुष्कळ आहेत."

"मग येत्या रविवारी घेऊन ये," ती म्हणाली. "एखादं हसायचं आन. काकू म्हनते, आता हसायचं पाहिजे."