पाच छप्पन्नची खरखर

अँटेनाकाकांना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, ते मला ओळखीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. मी त्यांच्या घरी बसले होते. टेबलावरच्या रेडिओतून कुणीतरी विचारलं, "रिपीटर चालू आहे का?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, हा माणूस टेकडीच्या पलीकडे राहतो. त्याचा आवाज इथवर पोचतो तोच मुळी रिपीटरमुळे. आणि रिपीटरमधूनच विचारतोय, रिपीटर चालू आहे का!"

"मग सांगा ना, चालू आहे म्हणून," काकू आतून म्हणाल्या.

"नाही सांगणार. एकोणीस वर्षं तेच सांगतोय."

मी साहित्याची पदवी घेऊन या इमारतीत पाचव्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. काका-काकू माझ्या समोरच्या दारात. काकांचा व्यवसाय श्रवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. दिवसभर भिंग लावून दुसऱ्यांच्या कानातली यंत्रं उघडायची, संध्याकाळी घरी यायचं आणि गच्चीवर जायचं.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून, एक पत्र्याची पेटी आहे. हौशी रेडिओवाल्यांच्या हातातले संच छोटे असतात. त्यांचा आवाज टेकडी ओलांडत नाही. ही पेटी अकरा मजल्यांच्या उंचीवरून तो बारीक आवाज ऐकते आणि त्याच क्षणी मोठ्याने पुन्हा सोडते. म्हणून ती रिपीटर. इमारतीत मात्र तिला सगळे डबा म्हणतात.

काका म्हणतात, रिपीटर बसवणं सोपं, सांभाळणं म्हणजे जन्माचं लचांड. मी वर्षभर पाहते आहे, तक्रार खोटी नाही. केबलच्या जोडात पाणी शिरतं. अँटेनाच्या नळीत गांधीलमाश्या घर करतात. बॅटरी फुगते. ऐकणं आणि बोलणं एकाच अँटेनावरून एकाच वेळी व्हावं म्हणून पेटीत चार उंच धातूच्या नळ्या आहेत. त्यांचा एखादा स्क्रू केसभर सरकला, तरी पेटी स्वतःच्याच आवाजाने बहिरी होते. साठेक लोक ती वापरतात. दुरुस्तीला एकच माणूस वर चढतो. बाकीचे एकोणसाठ सूचना करतात.

जागा सोसायटीची, त्यामुळे वार्षिक सभा जवळ आली की काका सोसायटीसाठी काहीतरी करतात. या वर्षी त्यांनी जिन्यात नवे दिवे बसवले. प्रत्येक मजल्यावर दोन, एकूण बावीस. अंधारून आलं की आपोआप लागणारे. शिडी मी धरली होती. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "काका, जिना अगदी हॉस्पिटलसारखा दिसायला लागला." काकांनी ती स्तुती समजली.

त्याच आठवड्यात खरखर सुरू झाली.

दिवसा रिपीटर ठणठणीत. संध्याकाळी सहानंतर मात्र त्यात अशी खरखर उठायची, की टेकडीपलीकडची सगळी माणसं तिच्यात बुडून जायची. लगेच सूचना आल्या. कुणी म्हणालं अँटेना बदला, कुणी म्हणालं पेटी बदला. एकाने अगदी सौम्यपणे सुचवलं की काका, आता वय झालं, हे काम तरुणांकडे द्या. काकांनी विचारलं, कुठला तरुण? त्यावर रिपीटरवरून आली ती नुसती खरखर.

काकूंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. "अहो, जिन्यातले दिवे लागले ना, की हे खरखरायला लागतं बघा."

"ते दिवे मी बसवलेत," काका म्हणाले.

विषय तिथे संपला.

काकांनी शोधमोहीम काढली. प्लॅस्टिकच्या पाइपवर मोजपट्टीच्या पोलादी पातीचे तुकडे लावून त्यांनी एक हातात धरायची अँटेना केली. ती जिकडे रोखायची तिकडची खरखर कमीजास्त ऐकू येते आणि संचावरचा काटा हलतो. रोज संध्याकाळी काका ती घेऊन जिना उतरायचे. मी मागे वही घेऊन. वहीत चार रकाने होते. तारीख, खरखर सुरू झाल्याची वेळ, काटा कुठे गेला आणि उगम.

काटा सगळ्याच मजल्यांवर हलत होता. तिसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरबाईंच्या दाराशी, तो टोकाला गेला. डॉक्टरबाईंनी तिथेच राहत्या घरात दवाखाना थाटला आहे. तो संध्याकाळी सहाला उघडतो. नुकतंच एक नवं मशीनही आलं होतं.

"सापडलं," काका म्हणाले आणि आत घुसले. मला वाटलं होतं बेल वाजवतील.

खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून आडवे झालेले होते. डॉक्टरबाई त्यांच्यावर वाकलेल्या.

"दोन मिनिटं मशीन बंद करा," काकांनी अँटेना रोखली.

"काका, यांच्या दातात ड्रिल आहे."

"म्हणून तर दोनच मिनिटं म्हणतोय."

"आँ," गृहस्थ म्हणाले.

"बघा, त्यांचीही हरकत नाही."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. अगदी सावकाश, एकेक बोट सोडवत. मग दाराकडे बोट दाखवलं. बाहेर आल्यावर काकांनी वहीत उगमाच्या रकान्यात 'दवाखाना' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी म्हटलं, मशीन बंद कुठे झालं होतं, मग सिद्ध कसं झालं? ते म्हणाले, "साहित्यवाल्यांना पुरावा कधीपासून लागायला लागला?"

चार दिवसांनी त्यांना वाटलं, सेक्रेटरींच्या माशांच्या टाकीचा पंपही सामील असावा. तिथे त्यांनी विचारलं नाही. सरळ प्लग काढला. खरखर थांबली नाही, पण प्लग परत लावायचं राहून गेलं. मासे वाचले. सेक्रेटरींचा राग शमला नाही.

सभेची सूचना जिन्यात लागली, काकांच्याच एका दिव्याखाली. विषय क्रमांक चार: गच्चीवरील डबा हटवणे.

काका ती तीनदा वाचून घरी आले. त्या दिवशी ते पहिल्यांदा चिडले नाहीत, आणि त्यामुळे मी घाबरले. शहरात इतकी उंच गच्ची देणारं दुसरं कुणी नाही. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी चार इमारतींचे उंबरे झिजवले होते, पाचवी ही मिळाली. विषय चार मंजूर झाला, तर पेटी खाली येणार आणि पलंगाखाली जाणार. पलंगाखालून टेकडी दिसत नाही.

"उद्याच्या उद्या डॉक्टरबाईंना रंगेहाथ पकडतो," ते म्हणाले. "सभेत पुरावाच ठेवतो."

दुसरा दिवस शनिवार, सभा रविवारी. शनिवारी आम्ही साडेपाचलाच तिसऱ्या मजल्यावर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. दवाखान्याला कुलूप होतं. सहाला दार उघडणार, मशीन चालू होणार, खरखर उठणार, काका वेळ मांडणार, असा बेत होता. काकांच्या मांडीवर संच होता. खिडकीतून उजेड कमी होत गेला.

खरखर उठली. मी घड्याळ पाहिलं. पाच छप्पन्न. दवाखान्याला कुलूप तसंच.

"आत कुणीतरी असेल," काका म्हणाले.

"बाहेरून कुलूप आहे, काका."

"मग मशीन चालू ठेवून गेल्या असतील. लोक वाटेल ते करतात."

मी वही उघडली. पस्तीस दिवसांच्या नोंदी होत्या. मी फक्त वेळेचा रकाना वरून खाली वाचला. सहा एकतीस. सहा तीस. सहा एकोणतीस. पुन्हा सहा एकोणतीस. सहा सत्तावीस. खरखर दर दिवशी जेमतेम मिनिटभर लवकर येत होती. मध्ये एकाच दिवशी पाच अडतीस लिहिलं होतं. त्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं होतं, मला आठवत होतं, कारण माझे कपडे दोरीवर होते.

"काका," मी म्हटलं, "ही खरखर घड्याळ बघून येत नाही. सूर्य बघून येते."

त्यांनी वही हिसकावली. रकान्यावरून बोट फिरवलं. मग मान हळूहळू वर केली. डॉक्टरबाईंच्या दाराच्या बरोबर वर, त्यांनीच ठोकलेल्या खिळ्यांवर, त्यांनीच बसवलेला दिवा लागला होता.

काही माणसं अशा वेळी हसतात. काका म्हणाले, "शिडी आण."

घरी टेबलावर तो दिवा उघडला. काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. आतल्या पट्टीवर विजेची खरखर अडवणारा एक भाग असायला हवा होता. त्याची जागा आखलेली होती. दोन छिद्रं होती. भाग नव्हता. बनवणाऱ्याने वाचवला होता.

"बावीस," काका म्हणाले. "बावीस खरखरे मी स्वतःच्या हाताने पेटीखाली टांगले. लोक एक टांगत नाहीत."

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे."

"अख्ख्या गावाचे कान दुरुस्त करता."

"माहीत आहे म्हणतोय ना!"

मला एक युक्ती सुचली. मला ती तेव्हा फार व्यवहारी वाटली. म्हटलं, सभेत काही बोलूच नका. बोललात तर ते म्हणतील, दिवे राहू देत, डबा काढा. जिना उजळला म्हणून सगळे खूश आहेत. त्यापेक्षा हळूहळू प्रत्येक दिव्यात तो भाग बसवून टाका. खरखर जाईल. कुणाला कळणार आहे?

काकू काकांकडे बघत होत्या. काका वहीकडे. त्यांनी पेन घेतलं आणि उगमाच्या रकान्यात जिथे जिथे 'दवाखाना' होतं तिथे काट मारायला सुरुवात केली. एकतीस ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी शेजारी लिहिलं, 'माझे दिवे.' पंधराव्या वेळी हात दुखला म्हणून झटकला, पण वरचं तेच खाली अशी खूण करून पळवाट काढली नाही.

"नोंद चुकीची ठेवून रिपीटर चालत नाही," ते म्हणाले. "आणि तू मला व्यवहार शिकवू नकोस. पदवी कसली घेतलीस?"

रविवारी सभा खालच्या पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर चाळीसेक माणसं. डॉक्टरबाई पहिल्या रांगेत, ताठ. विषय एक ते तीन पाण्याच्या गळतीवर गेले. मग सेक्रेटरींनी चष्मा नीट केला.

"विषय चार. या डब्यामुळे रहिवाशांना त्रास—"

काका उभे राहिले. "आधी मी बोलतो. खरखर माझी आहे."

"कसली खरखर?" मागून कुणीतरी विचारलं.

काकांनी सांगितलं. दिवे, वेळ, सूर्य, ती दोन रिकामी छिद्रं. सगळं उभ्याउभ्या, कुणाकडेही न बघता. शेवटी डॉक्टरबाईंकडे वळले. "तुमच्या पेशंटसमोर मी जे बोललो ते चूक होतं. तुमच्या मशीनने काही केलेलं नाही. मला माफ करा."

वर्षभरात मी या माणसाच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. काकूंच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याही.

"म्हणजे माझे मासे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"निर्दोष."

हशा पिकला. काम इथेच फत्ते झालं असतं. पण काका खाली बसले नाहीत.

"आता खरं बोलायचं तर पूर्ण बोलतो," ते म्हणाले. "डॉक्टरबाईंच्या मशीनची थोडी खरखर आहेच. अगदी किरकोळ. पण आहे."

काकूंनी त्यांचा शर्ट मागून ओढला. मी डोळे मिटून घेतले.

"बघा!" डॉक्टरबाई उठल्या. "माफी मागतानासुद्धा! हा माणूस माफी मागतानासुद्धा माझ्या मशीनला सोडत नाही!"

"किरकोळ म्हणालो मी."

"काका, खाली बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. पेशंटला म्हणतात तशा आवाजात. काका बसले. त्या सगळ्यांकडे वळल्या. "मी डब्याविरुद्ध हात वर करायला आले होते. तीन आठवडे ठरवून ठेवलं होतं. पण आज हे गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. लोक मात्र मला विचारत राहिले असते, तुमचं ते मशीन दुरुस्त झालं का? आता दिव्यांचं काय करणार ते सांगा."

"एकेक उतरवून तो भाग बसवणार. रोज तीन. आठ दिवस."

"तोवर जिना अंधारात?"

"दिवा उतरवला की जुना बल्ब लावून ठेवीन. एकही मजला अंधारात राहणार नाही."

सेक्रेटरींनी मत मागितलं. डबा काढावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. त्यांचा स्वतःचा हात आधी वर गेला. मागे आणखी पाच-सहा. ते डॉक्टरबाईंकडे पाहत राहिले. बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. सेक्रेटरींनी दोनदा मोजलं आणि नाइलाजाने वहीत लिहिलं, ठराव नामंजूर.

"पण एक अट घाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काकांनी ती पट्ट्यांची काठी घेऊन कुणाच्याही घरात शिरायचं नाही. कधीच. लिहून घ्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी अट लिहिली आणि वही काकांपुढे धरली. काकांनी ती वाचली. पेन उघडलं. पुन्हा वाचली. काकूंनी दीर्घ श्वास घेतला.

"शिरायचं नाही, हे कबूल," काका म्हणाले. "उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकलेलं चालेल ना?"