डहाणूची हवा, तलासरीच्या पेट्या

तलासरीच्या ज्या कारखान्यात मी माल तपासतो, तिथे रस्त्याकडेला उभ्या करायच्या विजेच्या पेट्या बनतात. पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र्याच्या सांध्यांत सीलंट भरतात. ते ट्यूबमधून मलमासारखं निघतं आणि हवेतली ओल घेऊन रबरासारखं घट्ट होतं. कोरड्या, थंड हवेत त्याला वेळ लागतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण बाकी सगळं कोरड्या हवेत लवकर वाळतं.

म्हणून आमच्याकडे तक्ता आहे. आर्द्रता साठच्या वर असेल तर पेटी छत्तीस तास ठेवायची, चाळीस ते साठ असेल तर अठ्ठेचाळीस आणि त्याखाली बहात्तर. आर्द्रता रोज दोनदा वहीत लिहिणं माझं काम. बारा वर्षांत मी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता.

डिसेंबरात आर्द्रता मोजायचा मीटर बिघडला. नवा यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मी मोबाइलवरच्या हवामानातला आकडा लिहीत गेलो.

सीलंट भरणारी बाई जवळच्या उधवा गावची, सहा वर्षं कंत्राटावर. सहा मिलिमीटरचा थर म्हटला की तिचा सहाच भरायचा. जानेवारीत एका दुपारी ती म्हणाली, "साहेब, हा माल अजून दोन दिवस राहू द्या. वारा सुका आहे, ओठ फुटतायत."

मी तिला वही दाखवली. एकाहत्तर. ओठांवरून माल अडवता येत नाही, असंही म्हणालो. आजूबाजूचे हसले. एकाने ओठांना लावायला तिला सीलंटच देऊ केलं. तीही हसली आणि कामाला लागली. छत्तीस तासांनी पेट्या गाडीत चढल्या.

गिऱ्हाइकाकडे पाण्याच्या चाचणीत चाळीसपैकी अकरा गळल्या. परत आलेल्या एका पेटीचा सांधा मी सुरीने चिरला. वर घट्ट साल, आत कच्च्या चिकूच्या चिकासारखं चिकट. मॅनेजरने हवेचं विचारलं, मी वही पुढे केली. हवा ठीक म्हणजे हात चुकला, थर जाड भरला, असं त्याने ठरवलं. मी मोजलेला थर सहाच मिलिमीटर होता. ते मी सांगितलं. कोपऱ्यात जाड असेल, असं तो म्हणाला. माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. अहवालात तिचं नाव आलं आणि खाली माझी सही.

सोमवारपासून येऊ नको, असं तिला सांगण्यात आलं. जाताना तिने हातमोजे धुऊन वाळत घातले.

गुरुवारी नवा मीटर आला. तिच्या टेबलाजवळच्या भिंतीवर लावला, तर चौतीस. मला वाटलं, हाही बिघडलेला. मोबाइल काढला, त्यावर एकोणसत्तर. मीटर बाहेर नेऊन सावलीत अर्धा तास ठेवला. तेहेतीस. मग मोबाइलवरची वरची ओळ वाचली. तिथे डहाणू लिहिलं होतं.

मी राहतो डहाणू रोडला. मोबाइलमध्ये गाव घरचंच होतं. ती ओळ मी पाच आठवडे दिवसातून दोनदा पाहिली होती. तलासरी पूर्वी डहाणू तालुक्यातच होती, आणि आमच्या वयाच्या माणसांच्या बोलण्यात अजून दोन्ही एकच असतात. पण डहाणूला समुद्र आहे, आणि तलासरीला हिवाळ्यात डोंगराकडून कोरडा वारा येतो. तिथली ओल मी इथल्या पेट्यांच्या नावावर लिहीत होतो.

मॅनेजरला सांगितलं. त्याने मीटर स्वतः पाहिला. मग म्हणाला, "भाई, बाईला परत बोलवा, माझी ना नाही. पण गेलेला कागद उघडू नका."

तिचं काम तेवढ्यात भागलं असतं. पण ठपका राहिला असता, आणि पुढच्या वेळी कंत्राटदाराने तोच कागद काढला असता. शिवाय त्या पाच आठवड्यांत एकशे बावीस पेट्या गेल्या होत्या. चाळीस तपासून झाल्या होत्या. ब्याऐंशी कुठेतरी उभ्या होत्या, आत वीज घेऊन. शुक्रवारी मी दुसरा अहवाल लिहून पाठवला. कारणाच्या रकान्यात माझं नाव घातलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

रविवारी उधव्याला गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. चूक माझी होती, तू सांगितलंस ते बरोबर होतं, असं मी म्हणालो. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"कागदावरचं माझं नाव काढलं?"

काढलं, म्हणालो. तिने कोरा चहा दिला. सोमवारी ती कामावर आली.

आता रोज सकाळी आकडा लिहिण्याआधी मी तिला विचारतो, आज हवा कशी वाटते. ती मान वर न करता म्हणते, "मीटर बघा, साहेब." त्यात राग नसतो. असता तर बरं झालं असतं.

परवा मीटर एकेचाळीस दाखवत होता. तक्त्याप्रमाणे अठ्ठेचाळीस तास. थर ओढता ओढता तिचा हात क्षणभर थांबला, तिने दाराकडे पाहिलं आणि पुन्हा ओढू लागली. मी विचारलं. तेच उत्तर आलं.

पेट्या मी बहात्तर तास ठेवल्या. वहीत, तक्त्याहून जास्त का ठेवल्या त्या कारणाचा रकाना पहिल्यांदाच रिकामा राहिला.