वाळूवर राहिलेली होडी

बाय, जवळ ये गो, ऐक. आजीचा फोन उचलत नाहीस, शोभतं का हे तुला? म्हणून लिहायला बसले.

पुण्याला तू कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायला शिकतेस. आषाढात आलीस, तेव्हा परीक्षेसाठी केलेला खेळ माझ्यापुढे मांडलास. त्यात आपलाच किनारा, तुझ्या बाबाची होडी हुबेहूब, वर काळं आभाळ.

"आजी, बटण दाब गो! होडी घाल पाण्यात, वेळ संपता!"

"नारळी पुनव अजून खंय झाली? दर्या बंद आसा."

होडी वाळूवरच राहिली. "हरलंस!" म्हणून तू हसलीस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझो बापूस असोच हरलो आसतो, तर आज घरात आसतो."

तू लॅपटॉप मिटलास आणि दुसऱ्या दिवशीच गाडीला बसलीस. तुला वाटलं, मी तुझ्या खेळाला नावं ठेवली. तसं नव्हतं गो. तुला कधी सांगितलं नाही. पावसाळी बंदीच्या दिवसांत घरात खायला काही नव्हतं, तेव्हा तुझ्या बाबाला "जा" म्हणणारी मीच होते. पुन्हा माझ्या हातून होडी सुटेना.

काल पुनव झाली, दर्याला नारळ दिला. लॅपटॉप घेऊन लवकर ये. तू शेजारी बस, मी बटण दाबते.