बांचा शिरा
सुरतजवळ उधन्याला आमच्या चाळीत जिन्याखाली एक काळी कुत्री व्याली. तीन पिल्लं झाली. माझं लग्न होऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. मी खान्देशातून आलेली, गुजराती येत नव्हतं, स्वभावही भिडस्त. त्यामुळे कोणाशी बोलत नसे. शेजारी एक गुजराती म्हातारी राहायची. तिला सगळे बा म्हणत; माझ्याशी त्या गुजराती-मराठी मिसळून बोलत.

दुसऱ्या दिवशी बा तपेली घेऊन दारात आल्या. "वहू, थोडो लोट आप. कुत्रीला शिरा करायचा."

वहू म्हणजे सून आणि लोट म्हणजे पीठ, एवढं मला कळलं. त्यांच्यात कुत्री व्याली की घराघरातून पीठ, गूळ, तेल मागून तिला शिरा घालतात. आमच्या गावी मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला ते फार आवडलं. मी दोन मुठी जास्तच पीठ दिलं.

कुत्रीला खरूज होती. पोटावरचे केस गेले होते, सारखी खाजवायची. मी घरात सांगितलं, तर हे कारखान्यातून, ते कामाला होते त्या कापडाच्या मागावरचं वापरलेलं तेल डब्यात घेऊन आले. "हाई लाव. गावले बैलले लावतस ना, तसं. चार दिनमा बरी व्हई."

दुपारी सगळ्यांची दारं लागल्यावर मी तिला ते चोपडलं, पोटालाही. पिल्लं त्याच पोटाला पितात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कुत्री काळीच, तेल दिसलं नाही, आणि आमच्या चाळीत घरोघरी मागावरचे कामगार, त्यामुळे तेलाचा वास कोणाला वेगळा येत नसे.

दोन दिवसांत दोन पिल्लं गेली. कुत्री अंग चाटून चाटून ओकत होती. बा ढोरांच्या दवाखान्यात विचारायला गेल्या. आल्या आणि पायरीवर बसल्या.

"डॉक्टरने विचारलं, काय खायला घातलं. मी म्हटलं, शिरा. तो म्हणाला, एवढं तेल-गूळ तिला सोसत नाही. भात-ताक द्या, पाणी ठेवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अंगाला काही लावलं होतं का, तेही विचारत होता. तुला माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

बा घरात गेल्यावर मी कुत्रीला साबण लावून कोमट पाण्याने धुतलं, तीन वेळा. तिसरं पिल्लू जगलं.

पुढच्या वर्षी नळाजवळ दुसरी कुत्री व्याली. बा बाहेर आल्या नाहीत. वरच्या मजल्यावरची बाई हसत म्हणाली, "बा, यंदा तपेली नाही फिरवली? म्हातारपणी कंजूस झालात."

"माझ्या हाताने दोन जीव गेले, बहेन," बा म्हणाल्या.

मी दाराआडून ऐकलं. तोवर मला मोडकंतोडकं गुजराती येऊ लागलं होतं, म्हणजे न बोलायला तेही कारण उरलं नव्हतं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. तेलाचं सांगितलं, मान हलवल्याचंही सांगितलं.

बा तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "एक वर्ष सांगितलं नाहीस, वहू." आणि पुन्हा निवडू लागल्या.

सकाळी तपेलीचा आवाज आला. मी परातीत पीठ काढून दारात उभी राहिले. बा पलीकडच्या दारात थांबल्या, त्याच्या पुढच्या दारात थांबल्या. माझ्या दारात थांबल्या नाहीत. ते पीठ मी परत डब्यात ओतलं.